नऊ रेघांची चौकट

आमच्या दाजींनी जन्मात कोणाला इजा केली नाही आणि जन्मात कोणाला निश्चिंत बसूही दिले नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, ते यजमान. मी आयुष्यभर पोखर्णीच्या नृसिंहापुढे पुराण सांगितले. ऋषींचे शाप, दैत्यांना मिळालेले वर, राजांवर अवचित कोसळलेले वनवास हे ज्याच्या तोंडी रोजचे, त्या मनुष्याला सहसा कशाचा धक्का बसू नये. तरीही आता सत्तरी ओलांडल्यावर मागे वळून पाहतो तेव्हा असे दिसते, की ज्या ज्या प्रसंगी माझी वाचा बसली त्या प्रत्येक प्रसंगी समोर दाजी उभे होते. खांद्यावर पंचा, कनवटीला गेरूचा खडा, आणि मुद्रेवर असा भाव की आपण काही विशेष बोललोच नाही.

दाजींना असत्य सोसत नसे. 'सोसत नसे' हे शब्द मी विचारपूर्वक योजतो. पुष्कळांना असत्याचा तिटकारा असतो, पण तो दुसऱ्याच्या असत्याचा. दाजींचे तसे नव्हते. काही जणांना वांगे सोसत नाही, चुकून घास पोटात गेला तरी अंगावर पित्त उठते, तशी त्यांची अवस्था आपल्याच लाभाचे खोटे कानी पडले की होई. माझ्या विवाहाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट सांगतो. वडील हयात नव्हते, म्हणून दाजी वडीलधारे होऊन वालूरला माझ्याबरोबर आले होते. भावी सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "मुलगा कसा आहे?" ज्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे, त्या प्रश्नावर दाजी क्षणभर थांबले.

"मुलगा लाखात एक हाय," दाजी म्हणाले. "विद्वान हाय, निर्व्यसनी हाय. फक्त घोरतो."

सासरे सावधपणे म्हणाले, "फक्त म्हणजे कितपत?"

"म्हणजे भिंतीपल्याडची म्हैस उठून उभी राहती."

मी जाजमावरची नक्षी पाहत बसलो. सुदैवाने माझे सासरे अनुभवी गृहस्थ होते. जो मनुष्य हे सांगतो त्याने आणखी काही लपवले नसणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि माझा विवाह ठरला. पुढे झरीच्या बाजारात दाजी आपला बैल विकायला घेऊन गेले. गिऱ्हाईक राजी झाले, हातावर हात पडणार, तोच दाजींनी सांगितले की हा पावसाळ्यात डावा पाय जरा ओढतो. त्या गिऱ्हाइकाने माझ्या सासऱ्यांच्या उलट विचार केला. जो एवढे आपण होऊन सांगतो तो केवढे तरी पोटात ठेवत असेल, असे म्हणून तो चालता झाला. एकाच स्वभावाने मला पत्नी मिळाली आणि दाजींचा बैल घरी परत आला. दाजींना यात काहीच विसंगत वाटले नाही. "ज्याचं त्याच्यापाशी," एवढेच ते म्हणाले, आणि बैलाला वैरण टाकायला गेले.

त्यांचे घर गंगेच्या अगदी काठावर होते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पोखर्णीहून सकाळी बैलगाडी जुंपली की दिवस मावळायच्या आत पोहोचावे एवढ्या अंतरावर ते गाव. काठाला लागून सात घरे, त्यांतले हे शेवटचे. मागच्या दाराच्या पायरीवर बसून पाय सोडले तर पावसाळ्यात बोटांना पाणी लागे. आमच्या काठी एक जुना रिवाज आहे. पाणी चढत चढत घराच्या उंबऱ्याला लागले, की घरच्या सवाशिणीने खण, नारळ आणि तांदळाने गंगेची ओटी भरायची. इतर सहा घरांतल्या बाया ओटी भरत आणि दुसऱ्या क्षणी पोरेबाळे, गाठोडी, शेळ्या घेऊन उंचावर पळत. दाजी आणि अक्का पळत नसत, पाणी फारच चढले तर घराच्याच छतावर जाऊन बसत. अक्काला मूलबाळ झाले नाही. ज्या घरी लेकीचे पाऊल उमटले नाही त्या घरी दर तीन-चार वर्षांनी एक कोणी तरी आपण होऊन उंबरा ओलांडून आत येत होती, आणि या दोघांनी तिला लेक मानले होते. 'पूर आला' हे शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. दाजी म्हणत, "ती आली." पाणी ओसरल्यावर घरभर जो चिखल उरे तो तीन दिवस काढू देत नसत. लेक माहेरी आली तर तिची निशाणी लगेच पुसू नये, असे त्यांचे म्हणणे. अक्का तीन दिवस त्या चिखलात फळी टाकून स्वयंपाक करी आणि चौथ्या दिवशी केरसुणी घेताना दाजींकडे असे पाही की लेक पुरे, आता बाप आवरा.

एका श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी सोवळ्याने जेवायला बसलो. आपोशन घेऊन पहिला घास घेतला, आणि एकदा बसलेल्याने भोजन पुरे झाल्यावाचून पाटावरून उठू नये हा नियम मी आजतागायत मोडलेला नाही. दुसऱ्या भातापाशी मला बैठकीखाली गारवा जाणवला. खाली पाहिले तर मागच्या दाराने पाणी सावकाश आत येत होते, अगदी पाहुण्यासारखे, कोपरे बघत बघत. माझी पत्रावळ हलली. मग तिने जागा सोडली, आणि वरणभातासह ती दाजींच्या पत्रावळीला जाऊन टेकली. मला बोलता येत नव्हते, उठता येत नव्हते. दाजींनी माझी पत्रावळ हाताने हळूच माझ्याकडे परत लोटली.

"शास्त्रीबुवा, तुमी सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "ती काय आपल्याला घाई करायली न्हाई. फक्त कढी कोणती अन् गंगा कोणती ते बघून प्या."

अक्का तोवर मागच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहून ओटी भरत होती. "ये बाई," ती म्हणत होती, "लय दिवसांनी आलीस." मी उत्तरापोशन घेतले. माझा नियम राहिला. पोथ्यांचे गाठोडे मात्र तरंगत माजघरापर्यंत गेले होते.

अशा वेळी दाजी करीत ती एक गोष्ट विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. पाणी घरात जिथवर चढले तिथे ते मागच्या दाराच्या सागवानी चौकटीवर गेरूने आडवी रेघ ओढीत आणि शेजारी बाळबोध अक्षरांत तिथी लिहीत. एक बोटही वर नाही, एक बोटही खाली नाही. एका खेपेला अंधुक उजेडात रेघ अर्धे बोट उंच ओढली गेली, तर दाजींनी ती खरवडून काढून पुन्हा ओढली. अशा नऊ रेघा त्या चौकटीवर होत्या. सर्वांत खालची माझ्या घोट्याशी आणि सर्वांत वरची माझ्या शेंडीच्याही वर. आईबाप लेकराची उंची भिंतीवर मांडून ठेवतात, तशा त्या मला वाटत. हे मी कधी बोललो नाही.

मग निजाम सरकारने गंगेवर पूल बांधायचे ठरवले, आणि पुलाकडे जाणारी सडक नेमकी या सात घरांवरून जाणार असे ठरले. मोजणी करायला अमीन आले. त्यांनी प्रत्येक घराचा, जागेचा भाव ठरवून कागद केला आणि निघून गेले. सहा घरवाल्यांनी मिळाला तो भरपाईचा मुआवजा घेतला. दाजी अडले. मुआवजा घेऊन काठ सोडून जायचे, हे त्यांना आणि अक्काला अशक्य होते. नदीच्या वरच्या वळणावर, काठालाच लागून एक जागा विकाऊ होती. पण अमीनांनी ठरवलेल्या भावात ती येत नव्हती. भाव वाढला तर काठ राहणार होता. न वाढला तर गावाच्या पार दुसऱ्या अंगाला, उंच माळावर जावे लागणार होते, जिथे गंगा कोणत्याही युगात चढणे शक्य नव्हते. अक्काने मला निरोप पाठवला, "तुझ्या दाजींना परभणीच्या अदालतीत जायचंय. तू संगं जा. हे एकटे बोलायला लागले तर काय व्हईल ते मला ठाऊक हाय."

ठरल्या दिवशी मी पोखर्णीच्या वेशीत वाट पाहत उभा होतो. दाजींची गाडी आली, आणि मी पाहतच राहिलो. गाडीवर, दोरांनी बांधलेली, त्यांच्या घराच्या मागच्या दाराची आख्खी चौकट आडवी होती.

"दाजी," मी म्हणालो, "घर पाडले की काय?"

"घर हाय. दार आणलंय."

"आणि अक्का?"

"दाराला तरट लावून आत बसलीय."

आमच्या वेशीतल्या लोकांना वाटले, नृसिंहाच्या गाभाऱ्याला नवी चौकट आली. एका बाईने पुढे होऊन तिला हळदकुंकू वाहिले. दुसरा कोणी असता तर हात जोडून पुढे गेला असता. दाजींनी गाडी थांबवली. "देवाची न्हाई बाई, अदालतीची हाय," त्यांनी सांगितले. बाई दचकून मागे सरली. चौकट कशासाठी आणली हे मी विचारले नाही. दाजींना प्रश्न विचारायचा म्हणजे उत्तर ऐकण्याची छाती असावी लागते, आणि माझी त्या दिवशी नव्हती.

परभणीला आमचे वकील भेटले. चौकट पाहून ते प्रसन्न झाले. जुना साग पाहून घराचा कस लक्षात येईल, असे ते म्हणाले. गेरूच्या रेघांना ते बिचारे नक्षी समजले. अमीनांचा कागद त्यांनी आम्हांला वाचून दाखवला. त्यात लिहिले होते, की हे घर नदीला लागून असून त्यात तीन वेळा पाणी शिरले आहे, सबब भाव कमी धरला. दाजींनी तो कागद दोनदा वाचून घेतला. 'तीन' या शब्दापाशी त्यांचे ओठ घट्ट मिटले. वकील म्हणाले, "दाजी, मी बोलतो. तुम्ही काही बोलायचं नाही."

"विचारलं तर?"

"विचारलं तरच."

न्यायासनावरचे मुन्सिफसाहेब वयस्कर, शांत गृहस्थ होते. पांढरी दाढी, काळी शेरवानी, आवाज असा की अदालतीतही पुराण सांगता यावे. आमच्या वकिलांनी सुंदर सुरुवात केली. घराचा चौथरा उंच आहे, भिंती दगडी आहेत, पाणी फार तर एखाद्या वेळी उंबऱ्याला लागून गेले असेल, तीन वेळा शिरल्याची नोंद चुकीची आहे, असे ते उर्दूत ओघवत्या शैलीत सांगत होते. मी दाजींकडे पाहिले. त्यांच्या मानेवर पित्त उठल्यासारखे लाल चट्टे आले होते. मी त्यांचा पंचा धरला. पंचा माझ्या हातात राहिला आणि दाजी उभे राहिले.

"वकीलसाहेब, तुमी चुकायलेत," ते म्हणाले. "अमीनसायबही चुकलेत. तीन न्हाई. नऊ."

आमच्या वकिलांनी कागद खाली ठेवला. मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "नौ मर्तबा?" ते म्हणाले. "कोई सबूत है महाराज?"

"आणलाय की. बाहेर उभा हाय."

त्या दिवशी परभणीच्या अदालतीतले सारे लोक, मुन्सिफसाहेबांसह, आवारात येऊन एका लिंबाला टेकवून उभ्या केलेल्या चौकटीभोवती जमले. दाजींनी खालपासून एकेक रेघ दाखवायला आरंभ केला. कोणती श्रावणातली, कोणती भाद्रपदातली. कोणत्या खेपेला ती एक दिवस राहिली आणि कोणत्या खेपेला तीन. कोणत्या खेपेला शास्त्रीबुवा जेवत होते. येथे सर्वांनी माझ्याकडे पाहिले. शेवटची रेघ दाखवायला दाजींना हात वर करावा लागला. ती मुन्सिफसाहेबांच्या टोपीच्याही वर होती. सरकारी वकील पुढे आले आणि अत्यंत आदराने म्हणाले की असा साक्षीदार आपल्या बाजूने आणायला आपण विसरलो याचे आपल्याला वाईट वाटते.

मुन्सिफसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारले, "महाराज, नौ मर्तबा घर में पानी आया, ये आपके हक में कैसे हुआ?"

"साहेब, त्याच्याचसाठी तर आलोय," दाजी म्हणाले. "अमीनसायबांनी तीनच लिवल्या, म्हणून तर भाव पडला. बाकीच्या सहा कुणी मोजायच्या? शेजारच्या घरात ती पाच बार आली, त्याच्या पल्याड चार. माझ्या घरी नऊ. गंगामाय आपल्या पायानं नऊ बार ज्या घरात आली, तसं घर साती घरांत दुसरं न्हाई. मग माझा न त्यांचा भाव एक कसा?"

एवढे दिवस आम्ही सर्व, वकील, मी, गावचे लोक, असे समजत होतो की दाजी अमीनांचा कागद खोटा ठरवायला निघाले आहेत. ते तो कागद अपुरा ठरवायला निघाले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने घराचे दार उखडून, दोन दिवस गाडीवर वाहून, आपल्याविरुद्धचा पुरावा अदालतीत आणून उभा केला होता, आणि त्यांना तो आपला अलंकार वाटत होता.

मुन्सिफसाहेबांनी हळू आवाजात त्यांना समजावले. पाणी शिरणारे घर सरकारच्या लेखी उणे असते. जितके पाणी अधिक तितका भाव कमी. दाजींना उर्दू पुरेसे कळत नव्हते, किंवा कळले ते पटत नव्हते. ते माझ्याकडे वळले. "शास्त्रीबुवा, हे साहेब काय म्हणायलेत?"

मी मराठीत सांगितले. दाजींचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. भर सभेत आपल्या लेकीबद्दल कोणी वावगे बोलावे आणि बापाला ते मुकाट ऐकावे लागावे, तसा तो झाला. साठीच्या मनुष्याला आयुष्यात प्रथमच कळत होते, की ती घरी आली हे लोक वाईट धरतात.

मुन्सिफसाहेबांनी त्यांना सावरायला वेळ दिला. मग त्यांनी जे केले त्याबद्दल मी त्या गृहस्थांना आजही नमस्कार करतो. ते चौकटीकडे पाहत म्हणाले, "महाराज, ये लकीरें बहुत पुरानी हैं. आपकी उम्र हो गई है. हो सकता है, कुछ भूल हुई हो. सोच लीजिए." आणि ते थांबले.

उघडे दार होते ते. 'भूल झाली असेल' एवढे म्हणायचे होते. वकील डोळ्यांनी खुणावत होते. नदीच्या वरच्या वळणावरची जागा, अक्काची पायरी, पुढचे सारे पावसाळे त्या एका वाक्यावर अवलंबून होते. दाजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. आणि जन्मभर हरिश्चंद्राची कथा सांगून लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मी, त्यांनी होय म्हणावे म्हणून मान हलवली.

दाजींनी चौकटीवर तळहात ठेवला, सर्वांत वरच्या रेघेवर. "आली ती आलीच, साहेब," ते म्हणाले. "आलेल्या लेकीला आली न्हाई कसं म्हणू? तिनं ऐकलं म्हणजे?"

मुन्सिफसाहेब आत गेले. निकाल त्याच दिवशी झाला. भाव वाढला नाही. तो आणखी उतरवावा असे सरकारी वकिलांनी सुचवले, ते मुन्सिफसाहेबांनी ऐकले न ऐकलेसे केले. मग सरकारी वकिलांनी दुसरा मुद्दा काढला, की चौकट हा घराचा भाग असून तिचा भाव धरलेला आहे, तेव्हा ती सरकारजमा व्हावी. यावर मुन्सिफसाहेबांनी त्या दिवसात प्रथमच थोडे स्मित केले. चौकट ही अदालतीपुढे आलेला सबूत आहे, ते म्हणाले, आणि सबूत ज्याने पेश केला त्यालाच परत मिळतो.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पोखर्णीला मी उतरायचा होतो, पण उतरलो नाही. अक्कापुढे त्यांना एकटे पाठवण्याचे धैर्य मला झाले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा अक्का तरट बाजूला करून उभी होती. दाजींनी सगळे सांगितले. काही गाळले नाही, मी मान हलवली होती तेवढे मात्र सांगितले नाही. अक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"चौकट आणलीत ना?" ती म्हणाली. "मग उन्हात टाकू नका, तडकंल." आणि ती आत गेली. मागच्या पायरीवर, नदीकडे तोंड करून, ती बराच वेळ बसून राहिली. आम्ही दोघे चौकटीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

ते माळावर राहायला गेले. नव्या घराला ती चौकट पुढच्या दाराला बसवली. तिथून नदी दिसत नसे. वारा त्या बाजूचा असला तर पावसाळ्यात तिचा आवाज तेवढा येई. येणारा जाणारा त्या रेघा पाही आणि भेदरून विचारी, "इतक्या उंचावर पाणी येतं?" एकदा एक बांगड्या भरणारा कासार ते पाहून टोपली न उतरवताच निघाला होता. दाजी प्रत्येकाला बसवून घेऊन मूळ हकीकत सांगत, त्यामुळे गावात ती सर्वांना पाठ झाली. पुढे एक नवे सरकारी अंमलदार तपासणीला आले, त्यांनी रेघा पाहून हे घर पूरग्रस्त म्हणून लिहून घेतले आणि त्यावरची पट्टी कमी केली. दाजींनी तहसीलीत अर्ज देऊन ती पुन्हा वाढवून घेतली. अर्ज लिहायला मीच बसलो होतो. लिहिताना माझी लेखणी दोनदा थांबली, तेव्हा ते म्हणाले, "लिवा, शास्त्रीबुवा. माळावर ती आली न्हाई. आली असती तर मी सोडलं असतं का?"

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा पावसाळा. रस्ते बिनधोक नव्हते, तरी अक्का आजारी असल्याचे कळल्यावर मी गेलो. ती दाराजवळच अंथरुणावर होती. त्या आठवड्यात गंगा अशी चढली की जुन्या माणसांच्याही आठवणीत नव्हते. सडक गेली, सात घरांची जागा गेली. माळावर मात्र तिचा नुसता आवाज येत होता.

"कुठवर आलीय?" अक्काने विचारले.

"खालच्या लिंबापसवर," दाजी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा विचारले. "तिथंच हाय," दाजी म्हणाले. वर येतेय, एवढे दोन शब्द म्हणता आले असते. मी त्यांच्याकडे पाहिले. मान हलवावी की नाही, मला कळेना. या खेपेला त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही.

तिसऱ्या सकाळी ते घागर घेऊन माळ उतरले. सत्तरीला टेकलेला मनुष्य, वाट निसरडी. मी मागोमाग निघालो तर त्यांनी हातानेच मला थांबवले. बऱ्याच वेळाने ते भरली घागर खांद्यावर घेऊन परत आले, चिखलाने कमरेपर्यंत भरलेले. ते उंबऱ्याबाहेर थांबले. गुडघे टेकून त्यांनी घागर कलती केली. गढूळ पाणी उंबरा ओलांडून आत आले, कोपरे बघत बघत, आणि अक्काच्या अंथरुणाच्या कडेला लागले. अक्काने हात खाली सोडला. तिची बोटे भिजली.

"आली?" ती म्हणाली.

आता तरी हा मनुष्य होय म्हणेल, असे मला वाटले.

"आली न्हाई," दाजी म्हणाले. "मी आणली. लेक काय दरसाल आपल्या पायानं येती व्हय? सासरी आणायला जावं लागतं. मुराळी गेलतो."

अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे हसू ऐकले. मग तिने खण मागितला, नारळ मागितला, आणि अंथरुणावर उठून बसून तिने त्या घागरभर पाण्याची ओटी भरली. "उशीर केलात," ती म्हणाली. दाजींना की तिला, ते कळले नाही. दाजींनी कनवटीचा गेरू काढला आणि चौकटीच्या तळाशी, उंबऱ्यापासून एक बोट उंचीवर, दहावी रेघ ओढली. तिथीपुढे त्यांनी लिहिले, 'घागरीने आणली'.

अक्का त्या आश्विनात गेली. दाजी पुढच्या वर्षी. ते घर आता दाजींच्या पुतण्याकडे आहे आणि मी अजून वर्षातून एकदा जाऊन येतो. वरच्या नऊ रेघा ठळक आहेत. त्या पुसाव्यात असे कोणाला वाटत नाही. दहावी उंबऱ्याजवळ असल्याने जाणाऱ्या येणाऱ्यांच्या पायांनी झिजते. मी गेलो की पोथीच्या गाठोड्यातून गेरूचा खडा काढतो, पायरीवर बसतो आणि ती जपून पुन्हा ओढतो. एक बोटही वर नाही, एक बोटही खाली नाही. पुतण्याची सून विचारते, "आजोबा, इथवर पाणी आलं होतं का हो?" मी तिला खरे तेच सांगतो.